तेरावा खण

ओंदिनाच्या पेटीला बारा खण होते आणि एक तिनं पदरचा जोडलेला.

वर्षाचे महिने बारा, म्हणून खण बारा. ज्या मुलाची लस ज्या महिन्यात, त्याचं पिवळं कार्ड त्या महिन्याच्या खणात. महिना लागला की खण उपसायचा, जे आले त्यांना टोचून त्यांची कार्डं पुढे सरकवायची आणि जे आले नाहीत त्यांच्या मागे लागायचं. ला ग्वामाच्या सरकारी दवाखान्यात ओंदिना बावीस वर्षं हेच करत आली होती. मागे लागण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. पहाटे मका दळायला बाया गिरणीवर रांग लावत, तिथे ही हजर. "मारितसा, तुझ्या धाकट्याची दुसरी सुई कोण घेणार, मी घेऊ?" असं चारचौघींत विचारलं की दहाच्या आत मारितसा पोराला काखोटीला मारून दवाखान्याच्या दारात. बसवाल्याकडे निरोप, पाद्रीबुवांकडे चिठ्ठी, आणि तरीही कोणी आलंच नाही तर लसीचा थंड डबा खांद्याला लावून ओंदिना त्यांच्या अंगणात. लोक तिला टरकून असत, तिच्या नावानं बोटं मोडत, पण मुलं टोचलेली असत.

तेरावा खण म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, पेटीच्या मागे तारेनं बांधलेला. नोव्हेंबर लागला की खालच्या कोरड्या वस्त्यांमधली निम्मी घरं कॉफी तोडायला वरच्या डोंगरांत जात. दाराला तार गुंडाळायची, कोंबड्या शेजारणीकडे सोडायच्या आणि तान्ह्यापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी ट्रकमध्ये चढायचं. वर फोन लागत नाही, रस्ता धड नाही. त्या चार महिन्यांत त्यांच्या नावानं कितीही हाका मारल्या तरी ऐकणार कोण? म्हणून ओंदिना त्यांची कार्डं तेराव्या खणात घाली. मार्चमध्ये ट्रक उतरले की आधी तो खण रिकामा करायचा, मग बाकीचं जग.

'कॉफीला गेले' असं तिकडे कोणी पूर्ण म्हणतच नाही. नुसतं 'गेले' म्हणतात. मिर्ताला कुठंय? गेली. नोव्हेंबरात कोणी 'गेली' म्हटलं, तर त्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो हे ला ग्वामातल्या कुणाच्या डोक्यातही येत नाही.

डॉक्टर लिसांद्रो राजधानीहून आले ते जूनमध्ये. सोबत एक कॉम्प्युटर, दोन अत्तरं आणि हातावर चोळायचं जंतुनाशक. प्रत्येक पेशंटनंतर ते हात चोळत, पेशंटनं हात लावला नसला तरी. पेटी पाहून त्यांनी नाक मुरडलं, पण तिकडच्या रीतीनं 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायला विसरले नाहीत.

"हे काय आहे, दोन्या ओंदिना? संग्रहालय?"

"मुलं आहेत, डॉक्टर."

"आता मुलं यात राहतील," ते कॉम्प्युटरवर टिचकी मारून म्हणाले. "तारीख आली की आईच्या फोनवर आपोआप संदेश. तुमच्या चपला वाचतील आणि घसाही."

ओंदिना काही नव्याच्या विरोधातली बाई नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. ऑगस्टमध्ये पहिले संदेश गेले तेव्हा वर्षभर हुलकावण्या देणाऱ्या अकरा आया एका आठवड्यात आल्या. तिनं स्वतः मोजल्या. मग तीच गिरणीवर जाऊन सांगू लागली, "बायांनो, आता माझी बोंब ऐकायची वाट बघू नका. फोनवर संदेश येईल. आला की या, उगाच हेलपाटा घालू नका." बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या कामाचा भार उचलत होतं, आणि तिला त्याचं बरं वाटलं होतं. नंतर तिला सगळ्यात जास्त शिसारी आली ती या बरं वाटण्याची.

डिसेंबरात कार्डं कॉम्प्युटरमध्ये घालायची ठरली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी एक छापील पट्टी चिकटवायला दिली. पट्टीवर दोन चौकोन: येतात, गेले. एकात खूण करायची. ओंदिना तेराव्या खणापाशी आली आणि अडली.

"डॉक्टर, हे 'गेले' म्हणजे कसले गेले?"

"गेले म्हणजे गेले. जे इथे नाहीत ते."

"कॉफीचे?"

"आत्ता आहेत का ते इथे?"

"नाहीत, पण..."

"मग कशाला एवढा घोळ? सोपा शब्द आहे."

सोपा होताच. तिनं एक्केचाळीस कार्डांवर 'गेले' च्या चौकोनात खूण केली. पेन्सिलीनं केली, कारण मार्चमध्ये खोडायची होती. शेवटचं कार्ड मिर्तालाच्या तान्हीचं होतं. नोएमी, वस्ती तिएरा ब्लांका, जन्म सप्टेंबरचा. पहिली लस दोन महिन्यांची झाल्यावर, आणि ट्रक निघाला तेव्हा तिला दोन महिने पुरे व्हायला आठवडा कमी होता. मिर्तालाच्या आईनं, दोन्या कासिमिरानं, ट्रकमधून ओरडून सांगितलं होतं, "आल्या आल्या टोचून टाक हं! हिला विसरलीस तर बघ!"

"मी कधी विसरलेय?" ओंदिना खालून ओरडली होती.

मार्चमध्ये ट्रक उतरले. ओंदिना नव्या तक्त्यांमध्ये मानेपर्यंत बुडालेली होती. पेटी डॉक्टरांनी अडगळीत टाकायला लावली होती. वस्त्यांवर जायचं तिनं दोनदा विचारलं.

"यंत्र करतंय ना काम?" डॉक्टर म्हणाले. "ज्यांची पाळी, त्यांना संदेश जातोच आहे. आणि आकडा पाहिलात का? सत्त्याण्णव टक्के! गेल्या वर्षी तुम्ही पायपीट करून किती केले होते? एक्क्याऐंशी?"

आकडा खरा होता. भिंतीवर रंगीत तक्ता लागला, प्रदेशाच्या कचेरीतून फोन आला, एप्रिलअखेर लसीकरण सप्ताहात चौकात सोहळा ठरला. डॉक्टरांनी एक केकही आणला, त्यावर निळ्या साखरेत ९७. ओंदिनाच्या वाट्याला सातचा पाय आला. तो तिनं खाल्ला आणि बोटंही चाटली.

सोहळ्याच्या दोन दिवस आधी, बुधवारी सकाळी, मिर्ताला दवाखान्यात आली. काखेत गुंडाळलेली नोएमी. पोर खोकत होती. तो खोकला ओंदिनानं ऐकला आणि ती टेबलामागून उठून आली. एकामागून एक ढास, मध्ये श्वासाला उसंत नाही, आणि शेवटी आत ओढलेल्या हवेची ती लांब शिटी. असा खोकला तिनं शिकाऊ असताना ऐकला होता, त्यानंतर नाही. पोरीचे ओठ जांभळे पडले होते आणि दर ढासेनंतर ती जराशी ओकत होती.

"कधीपासून?"

"दहा-बारा दिवस झाले, दोन्या ओंदिना. आधी वाटलं साधी सर्दी."

"हिला टोचलं का नाहीस? तुम्हाला येऊन महिना उलटला!"

मिर्तालानं पोरीला खांद्यावर घेतलं. "संदेश कुठं आला? माझ्या जावेला तीन आले. मला वाटलं, आमची पाळी नसेल अजून. तूच म्हणालीस ना, आल्याशिवाय येऊ नका म्हणून?"

ओंदिनानं कॉम्प्युटरवर नाव घातलं. नोएमी नव्हती. मिर्तालाही नव्हती. तिएरा ब्लांकातली जवळजवळ कोणीच नव्हती.

दवाखान्याची गाडी पोरीला आणि तिच्या आईला घेऊन शहराच्या इस्पितळाकडे गेली. गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत ओंदिना डॉक्टरांच्या खोलीत उभी होती.

"डांग्या खोकला आहे, डॉक्टर."

"दिसलं मला." ते हात चोळत होते. "पण नशीब बघा, ती पोर आपल्या यादीतच नाही."

"काय?"

"'गेले' मध्ये आहे. जे गेले ते मोजायचे नाहीत, म्हणूनच तर आकडा वर आला. आता हा रुग्ण आपल्या खात्यावर येत नाही. वर कचेरीला कळवायच्या कागदावर पत्त्याच्या जागी लिहून टाका, 'वाटसरू'."

ओंदिनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. माणूस काही दुष्ट चेहऱ्याचा नव्हता. गुळगुळीत दाढी केलेला, स्वच्छ नखांचा, आईला दर रविवारी फोन करणारा. तेच तर किळसवाणं होतं. त्या स्वच्छ नखांनी तो एक पोर कागदावरून पुसत होता आणि त्याला घाम फुटला नव्हता.

"तिची आई ला ग्वामात जन्मली. आजीसुद्धा. वाटसरू कुठल्या?"

"दोन्या ओंदिना, शुक्रवारी प्रदेशाच्या कचेरीतून साहेबीण येतेय."

"तुम्हाला ठाऊक होतं," ती हळू म्हणाली. "डिसेंबरातच. कॉफीचे लोक परत येतात हे तुम्हाला ठाऊक होतं."

"खुणा कोणी केल्या?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, उलट समजुतीचा केला. "अक्षर तुमचं आहे. मी फक्त भरलं. तेव्हा आता दोघांच्याही भल्याचं बोला. सोमवारी गुपचूप मोहीम काढू, सगळ्यांना टोचू. पाच दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

ती बाहेर पडली, ती थेट अडगळीत.

पेटी जुन्या तक्त्यांच्या ढिगाखाली सापडली. उंदरांनी एप्रिल आणि मे कुरतडून त्यात संसार थाटला होता, लेंड्यांचा थर बसला होता, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. बिस्किटांचा डबा मात्र पत्र्याचा, त्याला काही झालं नव्हतं. एक्केचाळीस कार्डं जशीच्या तशी. ती लेंड्यांमध्येच फतकल मारून बसली आणि एकेक उलटत गेली. खूण, खूण, खूण. नीट, चौकोनाच्या मधोमध, शाळकरी पोरीसारख्या नेटक्या. डॉक्टरांची जेवढी घाण वाटली त्याहून जास्त तिला आपल्या त्या नेटकेपणाची वाटली. 'गेले म्हणजे कसले' हे विचारण्याइतकी अक्कल होती तिला. 'सोपा शब्द आहे' म्हटल्यावर गप्प बसण्याइतकी अक्कल मात्र नसती तर बरं झालं असतं.

एक पोर तर गेली शहराला. उरली चाळीस, आणि सगळी एकाच नळावर, एकाच गिरणीवर, चर्चमध्ये एकाच मिस्साला येणारी. सोमवारपर्यंत त्यातली किती खोकायला लागतील हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. वस्त्या चार, पायी एकेका दिवसाच्या. पण शुक्रवारी डॉक्टरांनी चौकात सगळ्यांना कोंबडी-भात जाहीर केला होता, आणि फुकटच्या कोंबडीला खालच्या वस्त्या लेकराबाळांसकट येणार हे ठरलेलंच.

गुरुवारी कळवायच्या कागदावर तिनं पत्ता लिहिला: तिएरा ब्लांका, नळाच्या वरचं घर, हिरवं दार. डॉक्टरांनी तो कागद टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

शुक्रवारी चौकात कनात, खुर्च्या, कर्णा. प्रदेशाच्या कचेरीतून आलेली साहेबीण पहिल्या रांगेत वारा घेत बसलेली. व्यासपीठाच्या टेबलावर लसीचा निळा डबा, त्याला रिबन. तो फोटोपुरता, रिकामाच ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ओंदिनानं सकाळी तो बर्फ आणि कुप्यांनी काठोकाठ भरला आणि रिबन पुन्हा बांधली. डॉक्टर बोलले. यंत्राबद्दल बोलले, प्रगतीबद्दल बोलले, 'एकही मूल मागे राहिलं नाही' असं म्हणाले. मग तिच्या हाती चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं आणि पुढे माइक.

"दोन शब्द," डॉक्टर दात न उघडता म्हणाले. "दोनच."

तिनं प्रशस्तिपत्र टेबलावर पालथं घातलं आणि पिशवीतून पिवळा गठ्ठा काढला.

"आमच्या कागदांप्रमाणे पुढची मुलं गेली," ती माइकवर म्हणाली. "आर्नुल्फो, वस्ती एल कारिसाल. गेला."

मग उजवीकडून एक बाई ओरडली, "कुठं मेलाय जायला? हा काय, माझ्या मांडीवर भात सांडतोय!"

हशा पिकला.

"घेऊन ये त्याला वर. यादिरा, एल कारिसाल. गेली."

"अगं आहे की! तुला आंधळेपण आलं का, दोन्या ओंदिना?"

"आलं होतं. आण तिला. एल्मेर आणि एल्सा, जुळी, लास पिएद्रास. गेली दोघंही."

"ही गेली असती तर मी झोपले नसते का चार तास!" त्यांची आई म्हणाली, आणि लोक गुडघ्यावर हात मारमारून हसले. पाचव्या-सहाव्या नावापासून सगळ्यांना खेळ कळला. नाव आलं की "गेली!" म्हणून पोरंच आधी ओरडत आणि मागून आई "आहे, आहे!" म्हणत उठे. व्यासपीठापुढे रांग लागली. पुढच्या दवाखान्याची नर्स मदतीला आली होती, ती बाह्या सरसावून टोचू लागली. साहेबिणीला वाटलं हे बसवलेलं नाटुकलं आहे. ती टाळ्या वाजवत होती. डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तिच्या टाळ्या ऐकून पुन्हा रंग आला. ते व्यासपीठावरूनच तिच्याकडे वाकून म्हणाले, "हीच आमची आठवण द्यायची पद्धत! लोकांना सामावून घेऊन." आणि स्वतःही टाळ्या वाजवू लागले. ओंदिनानं ते पाहिलं. माणूस इतका निसरडा असू शकतो, की त्याच्यावर थुंकलं तरी थुंकी खाली घरंगळावी.

ती वाचत राहिली. चाळीस नावं झाली. शेवटचं कार्ड तिनं मुद्दाम खाली ठेवलं होतं. या नावाला कोणी ओ देणार नव्हतं आणि तिथेच तिला थांबायचं होतं. ही पोर शहराच्या इस्पितळात का आहे, ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आपल्या खुणेपासून कुलपातल्या कागदापर्यंत.

"नोएमी," ती म्हणाली. "तिएरा ब्लांका. गेली."

मागे, बसथांब्याच्या बाजूला, कोणीतरी उभं राहिलं. दोन्या कासिमिरा. शहराची बस नुकतीच येऊन लागली होती आणि म्हातारीच्या झग्यावर रस्त्याची धूळ तशीच होती. हातात घडी केलेलं बाळाचं पांघरूण.

"हो," ती म्हणाली. "गेली."

"कॉफीला का?" गर्दीतून कोणीतरी लाडात ओरडलं, आणि पोरं खिदळली.

"आज सकाळी," म्हातारी म्हणाली. "सहा वाजता."

हसू एकदम थांबलं नाही. पुढून मागे कळत गेलं तसं विझत गेलं, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या रांगेतली टाळी थांबली. साहेबिणीनं डॉक्टरांकडे पाहिलं. ते माइकशेजारूनच तिच्याकडे वाकले आणि माइक चालूच होता, म्हणून ते जे कुजबुजले ते कर्ण्यातून चौकभर गेलं.

"आमच्यातली नव्हती ती. वाटसरू होती."

दोन्या कासिमिरा पांघरूण छातीशी धरून उभीच होती. ती डॉक्टरांकडे पाहत नव्हती, ओंदिनाकडे पाहत होती. खाली चौदा-पंधरा पोरं अजून रांगेत होती आणि मोठ्यांना काय झालं ते न कळून त्यातलं एक रडायला लागलं होतं.

ओंदिनानं केसांत खोचलेली पेन्सिल काढली. बावीस वर्षांची सवय होती, मूल दगावलं की कार्डावर लगेच नोंद करायची, म्हणजे पुन्हा त्या आईच्या दारात चुकून जाणं होत नाही. तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि पेन्सिल तशीच हवेत राहिली. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. खूण तिच्याच हातानं, 'गेले' च्या चौकोनाच्या मधोमध, डिसेंबरातच करून ठेवलेली होती.